अ‍ॅस्बेस्टॉस : तंतूंची लांबी-जाडी आणि पेशींवरील विषारी परिणाम

अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुरूप सिलिकेट खनिजांच्या गटाचे नाव. त्याची धूळ पेशींना किती मारक ठरेल, हे रासायनिक घडणीइतकेच किंबहुना त्याहून अधिक तंतूच्या मापांवर अवलंबून असते. तेच खनिज दळून तंतू आखूड केले, की प्रयोगांत त्याची मारकता पुष्कळ घटते.

तंतू फुफ्फुसात किती खोल शिरेल, हे मुख्यतः जाडी ठरवते. अर्ध्या मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक तंतू 20 मायक्रॉन लांब असला तरी वायुकोशापर्यंत पोचू शकतो. तिथे सफाईचे काम भक्षकपेशींकडे असते. आखूड तंतू त्या गिळून वाहून नेतात. मात्र माणसाच्या भक्षकपेशीचा व्यास साधारण 15 ते 20 मायक्रॉन. त्याहून लांब तंतू तिच्या पोटात मावत नाही. अर्धवट गिळलेल्या तंतूभोवती पेशीला मिटता येत नाही आणि तिच्यातून ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे, विकरे व दाह वाढवणारी प्रथिने आसपास पाझरत राहतात. पेशी मरते, तंतू मोकळा होतो, पुढची पेशी त्याला भिडते. निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसमधील (क्रोसिडोलाइट) लोह या माऱ्यात भर घालते. विभाजन चालू असलेल्या पेशीत लांब तंतू गुणसूत्रांच्या वाटणीतही अडथळा आणतात.

अमेरिकी संशोधक मर्ल स्टँटन व सहकाऱ्यांनी उंदरांच्या फुफ्फुसावरणावर निरनिराळे तंतू ठेवून पाहिले. 8 मायक्रॉनहून लांब आणि पाव मायक्रॉन किंवा त्याहून बारीक तंतूंचा अर्बुदांशी (गाठींशी) सर्वांत घट्ट संबंध दिसला (1981). त्यांत काचतंतूही होते, हे विशेष. तुर्कस्तानातील कॅपाडोशियाच्या काही गावांत मेसोथेलिओमा हा फुफ्फुसावरणाचा कर्करोग पसरला तो एरिओनाइट या खनिजामुळे; तेही अ‍ॅस्बेस्टॉस नव्हे, पण तंतुमयच.

टिकाऊपणाही तितकाच महत्त्वाचा. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे (क्रिसोटाइल) तंतू फुफ्फुसात तुलनेने लवकर झिजून तुटतात. निळे व तपकिरी दशकानुदशके तसेच राहतात. पण एवढ्यावरून पांढरा प्रकार निर्धोक ठरत नाही: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सर्वच प्रकारांना मानवी कर्करोगकारक मानते.

हवेतील तंतू मोजताना 5 मायक्रॉनहून लांब, 3 मायक्रॉनहून बारीक आणि लांबी जाडीच्या तिपटीहून अधिक असलेलेच धरतात. ही सीमा साध्या सूक्ष्मदर्शकाने करायच्या मोजणीच्या सोयीची आहे. तिच्याखालचे तंतू निरुपद्रवी असल्याचा दाखला म्हणून ती वापरणे चूक. आखूड तंतूंचा फार मोठा साठा झाला, तर भक्षकपेशींची सफाईच मंदावते.