दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये तेल जाते कुठे?

गाडीसोबत मिळणारी मालकपुस्तिका शेवटपर्यंत वाचणारे फारसे कोणी नसतात, त्यामुळे तिच्या मागच्या पानांवरचे एक वाक्य बहुतेकांच्या नजरेतून सुटते. इंजिन दर १,००० किलोमीटरला किती तेल खाऊ शकते, हे त्या वाक्यात लिहिलेले असते. फोक्सवॅगन समूहाच्या अनेक पुस्तिकांत ही मर्यादा अर्धा लिटर आहे आणि काही उत्पादक ती एक लिटरपर्यंतही नेतात. लहान गाडीच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भागात, साधारण साडेतीन लिटर तेल मावते आणि तेल बदलण्याचा हप्ता १०,००० किलोमीटरचा असतो. अर्ध्या लिटरच्या हिशेबाने त्या हप्त्यात पाच लिटर तेल जळाले, म्हणजे चेंबर पूर्ण रिकामे होऊन वर दीड लिटर लागले, तरी ते ‘मर्यादेत’ ठरते. गाडी तेल पिते ही मालकाची तक्रार आणि सगळे नॉर्मल आहे हे सर्व्हिस सेंटरचे उत्तर, ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात ती यामुळे. पुस्तिकेतला आकडा वॉरंटीची सीमा सांगतो. इंजिनाची प्रकृती त्यावरून कळत नाही.

तरीही थोडे तेल जळणे अटळ आहे. पिस्टन सिलिंडरमध्ये वरखाली होताना धातूवर धातू घासू नये म्हणून भिंतीवर तेलाचा पातळ थर राहावाच लागतो, आणि ज्वलनाच्या वेळी त्या थराचा वरचा भाग आगीसमोर उघडा पडतो. हे प्रमाण किती सूक्ष्म असते, ते मांडून पाहण्यासारखे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर एका किलोमीटरमध्ये त्यात ४,००० वेळा ज्वलन होते आणि १,००० किलोमीटरमध्ये ४० लाख वेळा. एवढ्या अंतरात एक लिटर तेल गेले, तर प्रत्येक ज्वलनाच्या वाट्याला पाव घनमिलिमीटर तेल येते. तेलाच्या एका थेंबाचा हा जेमतेम दोनशेवा भाग. आता ७५ मिलिमीटर व्यासाच्या आणि ८० मिलिमीटर स्ट्रोकच्या (पिस्टनच्या एका धावेच्या) सिलिंडरच्या भिंतीवर केवळ एक मायक्रॉन जाडीचा थर धरला, तरी त्यात सुमारे १९ घनमिलिमीटर तेल असते. म्हणजे ‘तेल पिणारे’ इंजिनसुद्धा त्या थराचा पाऊणशेवा हिस्साच गमावत असते, आणि १०,००० किलोमीटरला एक लिटर खाणारे निरोगी इंजिन साडेसातशेवा. चांगल्या आणि वाईट इंजिनातले अंतर इतके बारीक असल्यामुळे, एखाद्या सुट्या भागात झालेला किरकोळ बिघाडही तेलाची पातळी पाहण्याच्या पट्टीवर, म्हणजे गेजवर, ठळकपणे उमटतो.

हा थर राखण्याचे काम पिस्टनवरच्या रिंगा करतात. बहुतेक पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः ज्वलनाचा दाब अडवतात आणि तिसरी, म्हणजे ऑईल रिंग, भिंतीवरचे जास्तीचे तेल खरवडून खाली पाठवते. ही तिसरी रिंग बहुधा दोन पातळ पट्ट्या आणि त्यांना भिंतीकडे रेटणारी एक लवचीक जाळी अशा तीन तुकड्यांची असते. तिने खरवडलेले तेल पिस्टनच्या खाचेतल्या बारीक छिद्रांतून आत उतरते आणि चेंबरमध्ये परत जाते. रिंगांचे भिंतीवरचे घर्षण हा इंजिनातील एकूण घर्षणाचा मोठा वाटा असल्यामुळे, मायलेज वाढवण्याच्या आणि उत्सर्जन घटवण्याच्या दडपणाखाली गेल्या दोन-अडीच दशकांत उत्पादकांनी रिंगांचा ताण कमी केला आणि तेलही पातळ केले. पूर्वी २०डब्ल्यू-४० वापरले जाई, तिथे आज ०डब्ल्यू-२० किंवा त्याहूनही पातळ तेल येते. या बदलांमुळे इंधन वाचते हे खरे. पण सैल ताणाच्या रिंगेला चूक सावरायला जागा उरत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण टोयोटाचे आहे, आणि टिकाऊपणाच्या बाबतीत ज्या कंपनीचे नाव आदराने घेतले जाते तिचे ते असल्यामुळे अधिक लक्षात राहते. अमेरिकेत २००७ ते २००९ या वर्षांच्या कॅमरीमध्ये बसवलेले २.४ लिटरचे २एझेड-एफई इंजिन काही मालकांकडे भरमसाट तेल खाऊ लागले. कंपनीने २०११ मध्ये आपल्या डीलरांसाठी तांत्रिक सूचना काढली. तिच्यानुसार तेल पूर्ण पातळीपर्यंत भरायचे, मालकाने मध्ये तेल न घालता १,२०० मैल, म्हणजे सुमारे १,९३० किलोमीटर गाडी चालवायची, आणि तेवढ्यात एक क्वार्ट, म्हणजे जवळपास ९५० मिलिलिटर तेल कमी झाले, तर पिस्टन आणि रिंगा सुधारित रचनेच्या बसवायच्या. पुढे या दुरुस्तीची मुदत पहिल्या वापरापासून १० वर्षे किंवा १,५०,००० मैल अशी वाढवण्यात आली. हे इंजिन उघडणाऱ्या तंत्रज्ञांना ऑईल रिंगेच्या मागची तेल-परतीची छिद्रे कार्बनने बुजलेली दिसत. सुबारूच्या काही मॉडेलांबाबत अशाच तक्रारींवरून २०१४ मध्ये न्यू जर्सीत सामूहिक दावा दाखल झाला आणि २०१६ च्या तडजोडीत इंजिनाची वॉरंटी ८ वर्षे किंवा १,००,००० मैलांपर्यंत वाढली. या प्रकरणांत मालकांच्या उपयोगी पडली ती मोजणी. १,२०० मैलांना ९४० मिलिलिटर तेल गेलेला मालक रिकाम्या हाताने परतला असेल आणि ९६० गेलेल्याला नवे पिस्टन मिळाले असतील, हा त्यातला क्रूर विनोद वेगळा.

छिद्रे बुजण्याची क्रिया दुष्टचक्रासारखी चालते. पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत तापमान २०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. तिथे अडकलेले तेल ऑक्सिजनच्या संपर्काने आधी चिकट वार्निशसारखे आणि मग कठीण कार्बनसारखे होते. त्यामुळे रिंग खाचेत जाम होते, भिंतीवर जास्त तेल मागे राहते, ते जळून आणखी कार्बन तयार होतो आणि रिंग आणखी जखडते. तेल बदलायला झालेला उशीर, इंजिन एकदा जबर तापणे आणि रोजची दोन-तीन किलोमीटरची धाव, जिच्यात तेल पुरते गरमच होत नाही, यांपैकी काहीही या चक्राची सुरुवात करून देऊ शकते.

गॅरेजमध्ये इथेच एक फसगत होते. तेल कमी होते म्हणून मालक गाडी नेतो, मेकॅनिक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब टिकतो ते, तपासतो, चारही सिलिंडरचे आकडे चांगले येतात आणि रिंगा ठीक आहेत असा निर्वाळा मिळतो. परंतु कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगा सांभाळतात. ऑईल रिंग पूर्ण जाम असली तरी कॉम्प्रेशन उत्तम येऊ शकते. गाडीची ताकद कमी न होता तेल मात्र संपत जाते, ते अशा इंजिनांत.

रिंगांखेरीज तेलाला बाहेर पडायला इतर वाटा आहेत आणि त्या आधी तपासणे शहाणपणाचे, कारण त्यांचा खर्च कमी असतो. व्हॉल्व्हच्या दांड्यांवर रबराच्या छोट्या सील असतात. उष्णतेने त्या कडक झाल्या की सिलिंडरच्या वरच्या हेडमधले तेल दांडीवरून खाली झिरपते. पेट्रोल इंजिनात ही गळती ओळखण्याची उत्तम जागा म्हणजे घाट. आंबोलीचा घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, हवा सोडणारी झडप म्हणजे थ्रॉटल बंद असते आणि इंजिन मात्र गिअरमध्ये फिरत राहते, त्यामुळे इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या मार्गात, जोरदार निर्वात तयार होतो आणि तो सीलमधून तेल ओढून घेतो. पायथ्याशी पोहोचून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की साचलेले तेल एकदम जळते आणि मागच्या गाडीवाल्याला निळसर धुराचा लोट दिसतो. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी पहिल्या स्टार्टला असा धूर टाकून नंतर तो थांबणे हेही सील गेल्याचेच लक्षण आहे. चढावर, जोर लावताना सतत निळा धूर येत असेल, तर संशय रिंगांवर जातो.

तिसरी वाट पीसीव्ही व्हॉल्व्हची. रिंगांतून खाली निसटलेला वायू, ज्याला ब्लो-बाय म्हणतात, चेंबरमध्ये साचू नये म्हणून तो पुन्हा इनटेकमध्ये ओढला जातो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात धूरके कमी करण्यासाठी ही व्यवस्था गाड्यांवर आली आणि नंतर जगभर रुळली. तिच्यातला व्हॉल्व्ह उघडाच अडकला किंवा त्याचा रबरी पडदा फाटला, तर वायूसोबत तेलाची वाफही मुक्तपणे इनटेकमध्ये जाते. इंजिन आयडलवर असताना तेल भरण्याचे झाकण जोराने आत ओढले जात असेल किंवा शिटीसारखा आवाज येत असेल, तर पडदा फाटला असण्याची शक्यता मोठी. उलट झाकण उघडल्यावर भकाभक धूर बाहेर येत असेल, ज्याला डिझेलचे मेकॅनिक ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात, तर वायू रिंगांतून बेसुमार खाली येत आहे. टर्बो असलेल्या इंजिनांत टर्बोच्या दांड्याची सील जाणे किंवा तिथून तेल परत आणणारी नळी तुंबणे ही चौथी वाट. आणि अर्थात साधी गळतीही असतेच, जिच्यासाठी गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्र काढली तरी पुरते.

काही तेल जळत नाही, नुसते उडून जाते. तेलाची ही उडण्याची वृत्ती नोआक चाचणीने मोजतात. त्यात तेल २५० अंश सेल्सिअसला एक तास ठेवून त्याचे वजन किती टक्के घटते ते पाहतात. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसपी दर्जात ही घट १५ टक्क्यांपर्यंत चालते, तर एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेल्या वर्गांतील बऱ्याच तेलांना १३ टक्क्यांच्या आत राहावे लागते. एकाच ग्रेडची दोन तेले या कसोटीवर बरीच वेगळी ठरू शकतात, आणि हा आकडा डब्यावर नसला तरी उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात बहुधा मिळतो.

निळा धूर दिसत नाही म्हणजे तेल जळत नाही, असे मात्र समजू नये. आजच्या गाड्यांचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम झाल्यावर तेलाची वाफ बऱ्याच अंशी स्वतःच जाळून टाकतो, त्यामुळे सायलेन्सरचे तोंड स्वच्छ आणि गेज कोरडे, असा प्रकार घडतो. त्याची किंमत कन्व्हर्टर मोजतो. झीज रोखण्यासाठी तेलात मिसळलेल्या रसायनांत फॉस्फरस असतो आणि तो कन्व्हर्टरमधल्या मौल्यवान धातूंवर बसून त्यांना निकामी करतो. पेट्रोल गाड्यांच्या पातळ तेलांत फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपुरता मर्यादित केला आहे तो याच कारणाने. डिझेलमध्ये तेलाची राख डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, साचते. गाळणी तापवून साफ करण्याच्या क्रियेत, म्हणजे रिजनरेशनमध्ये, काजळी जळते, राख जळत नाही.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत आणखी एक गुंता आहे. रिजनरेशनसाठी उशिरा फवारलेले डिझेल काही प्रमाणात सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरते. एकीकडे तेल जळत असते आणि दुसरीकडे डिझेल मिसळत असते, त्यामुळे गेजवरची पातळी जागच्या जागी दिसते, प्रत्यक्षात तेल विरळ होत जाते. गेजवर पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. तेलाचा वास घेऊन पाहावा.

तेल किती जाते हे कळण्याचा भरवशाचा मार्ग एकच आहे आणि त्याला उपकरण लागत नाही. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, गेज पुसून पुन्हा घालावे आणि दोन्ही बाजूंपैकी जी खूण खाली असेल ती खरी मानावी. वरच्या खुणेपर्यंत तेल भरून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. १,००० किलोमीटरनंतर त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा वरच्या खुणेपर्यंत आणायला जेवढे मिलिलिटर ओतावे लागले, तेवढा खप. नुसत्या नजरेने ‘अर्धे गेज’ म्हणण्यापेक्षा हे मोजमाप कितीतरी नेमके ठरते आणि सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर लिहून घेता येते. वॉरंटी शिल्लक असेल तर ते लिहून घ्यावेच. कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात पेट्रोल भरताना गेज काढून पाहणे हा चालकाच्या सवयीचा भाग होता. आता बॉनेट वर्षातून एकदा उघडते, आणि डॅशबोर्डवरचा लाल तेलाचा दिवा तर पातळी दाखवतच नाही. तो दाब पडल्यावर लागतो, तेव्हा बेअरिंगचे नुकसान सुरू झालेले असू शकते.

उपायांची चढण स्वस्तापासून महागाकडे घ्यावी. आधी पीसीव्ही आणि गळती, मग तेलाचा दर्जा आणि बदलण्याचे अंतर निम्म्यावर आणणे, मग स्पार्क प्लगच्या भोकातून पिस्टनवर कार्बन विरघळवणारे द्रावण टाकून रात्रभर ठेवणे. रिंगा नुकत्याच जखडू लागल्या असतील, तर याने फरक पडतो. झिजल्या असतील, तर पडत नाही. पुस्तिकेत परवानगी असेल, तर ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४० वापरून खप थोडा कमी होतो. त्यापलीकडे जाऊन फारच जाड तेल घातले, तर थंड स्टार्टला ते वरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि व्हॉल्व्ह टायमिंगची तेलावर चालणारी यंत्रणा अडखळते. जुनी गाडी विकण्याआधी धूर दडवण्यासाठी असे तेल घालणारे असतात, म्हणून घेणाऱ्याने इंजिन गार असतानाच स्टार्ट करून पाहणे बरे.

शेवटी इंजिन उघडायची वेळ आलीच, तर रिंगांसोबत सिलिंडरच्या भिंतीचे होनिंग झाले आहे की नाही, हे विचारलेच पाहिजे. होनिंगने भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उमटतात, त्यांत तेल टिकते आणि नव्या रिंगा घासून भिंतीशी जुळतात. काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या भिंतीवर नव्या रिंगा नुसत्या घसरत राहतात आणि तेल जायचे तसेच जाते. होनिंग नीट झालेले असले, तरी रिंगा बसेपर्यंत पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडे तेल कमी होते. तेवढा काळ इंजिन एकाच वेगावर तासन्‌तास चालवू नये आणि तेव्हाच्या खपावरून मेकॅनिकशी भांडू नये.