व्यवस्थापनाच्या पदवीला गणित लागत नाही?

‘गणित जमत नसेल तर व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घ्या, तिथे फक्त बोलता यावे लागते,’ असा सल्ला वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. या पदवीत सादरीकरणे आणि गटचर्चा बऱ्याच असतात आणि बाहेरून तेवढेच दिसते, त्यामुळे असा समज होणे स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात लेखाशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि वित्त हे विषय बहुतेक अभ्यासक्रमांत सक्तीचे असतात. उदाहरणार्थ, स्थिर खर्च (विक्री कितीही झाली तरी तेवढाच राहणारा, जसे भाडे) 60,000 रुपये, एका नगाची विक्री किंमत 50 रुपये आणि त्यावरचा बदलता खर्च (प्रत्येक नगामागे वाढणारा, जसे कच्चा माल) 30 रुपये असेल, तर प्रत्येक नगामागे 20 रुपये उरतात. म्हणजे 3,000 नग विकल्यावर ना नफा, ना तोटा. किंमत 45 केली, तर तोच आकडा 4,000 वर जातो, आणि सवलत द्यावी की नाही हा निर्णय या हिशेबाशिवाय घेता येत नाही.

अर्थात, हे गणित अभियांत्रिकीइतके अवघड नसते. टक्केवारी, गुणोत्तर, सोपी समीकरणे आणि सरासरी पक्की असली की सुरुवात नीट होते.

पडताळणीसाठी प्रवेशापूर्वी संबंधित महाविद्यालयाचा सत्रनिहाय अभ्यासक्रम मागवावा, त्यातील सक्तीचे विषय पाहावेत आणि शक्य असल्यास संख्याशास्त्राची एखादी जुनी प्रश्नपत्रिका स्वतः सोडवून पाहावी.