सर्व्हर गप्प आहे की ‘नाही’ म्हणतोय?

अंधेरीच्या एखाद्या ऑफिसात ‘सर्व्हर बंद पडला’ अशी ओरड होते, तेव्हा ऐरोलीच्या डेटा सेंटरमधला तो सर्व्हर बहुधा मजेत चालू असतो. बिघाड मधेच कुठेतरी असतो, आणि त्याचा माग काढायला केबल उपसण्याआधी पडद्यावरचा संदेश नीट वाचावा.

लिनक्स या संगणक प्रणालीवर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असं झटक्यात आलं तर खरं म्हणजे बरं वाटायला हवं. पॅकेट, म्हणजे आपण पाठवलेला माहितीचा तुकडा, पोचलं, मशीन जागं आहे, फक्त त्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर, बहुधा कुठला प्रोग्रॅम ऐकत नाही. वेब सर्व्हर पुन्हा सुरू केला की बहुतेकदा काम होतं. ‘टाइम्ड आउट’, म्हणजे उत्तराची वाट पाहून वेळ संपली, हे मात्र छळतं. बेल वाजवल्यावर आतून ‘नको आहे’ ऐकू येणं वेगळं आणि दारच न उघडणं वेगळं. मशीन बंद असेल, वाट तुटली असेल, किंवा फायरवॉल, म्हणजे नको ती वाहतूक अडवणारा पहारेकरी, पॅकेट मुकाट्यानं गिळत असेल. माझा पहिला संशय नेहमी फायरवॉलवर.

मग पिंग, म्हणजे दुसऱ्या मशीनला हाक मारून उत्तराची वेळ मोजणं. माइक मूस यांनी १९८३च्या डिसेंबरात लिहिलेल्या या छोट्या प्रोग्रॅमचं नाव पाणबुड्यांच्या सोनारच्या आवाजावरून आलं. उत्तर आलं का, एवढंच पाहून लोक थांबतात. खरी गंमत किती वेळात आलं यात आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंदांच्या आत उत्तर येणं अशक्य. सिंगापूरचा म्हणवणारा सर्व्हर पाच मिलिसेकंदांत बोलला, तर बोलणारा जवळपासच कुठेतरी बसलाय! गूगलचा ८.८.८.८ हा इंटरनेटवरचा पत्ता असाच एकाच वेळी जगभर अनेक ठिकाणी नांदतो.

उलटही घडतं. दोन्ही मशीन मुंबईतच, तरी पिंगला शंभराच्या वर मिलिसेकंद लागतात. वाटेत गर्दी नसेल तर दोन कंपन्यांची जाळी इथे जोडलेली नसून पॅकेट परदेशी वळसा घालून येत असण्याचा संभव दाट. देशातली वाहतूक देशातच राहावी म्हणून २००३ साली ‘निक्सी’ (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) स्थापन झाली, ती याचसाठी.

वळसा नेमका कुठे पडतो ते ट्रेसरूट हा वाटेतला एकेक टप्पा ओळीनं मांडणारा प्रोग्रॅम दाखवतो. त्यात मधल्या एखाद्या ओळीत नुसत्या चांदण्या (* * *) दिसल्या तर लगेच कंपनीला फोन लावू नये. बरेच राउटर, म्हणजे पॅकेट पुढे धाडणारी वाटेतली यंत्रं, अशा चौकशीला मुद्दाम उत्तर देत नाहीत. पुढच्या ओळी येत असतील तर तो टप्पा शाबूत आहे.