मध्यरात्रीची मिस्सा साडेआठला: मुंबईच्या नाताळची पार्श्वभूमी

मुंबईतल्या अनेक चर्चमध्ये २४ डिसेंबरची ‘मिडनाइट मास’, म्हणजे मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना), आता रात्री आठ-साडेआठला सुरू होते आणि दहाच्या आत संपते. नाव मात्र कुणी बदललेलं नाही.

१५३४ मध्ये वसई-साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली. ‘नाताळ’ हा शब्द त्या दोनशे वर्षांतला. पुढे रानवर, चिंबई, खोताची वाडी अशा मुंबईतल्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत सणाला इथली माती लागली. येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यात हिरवं शेत हवं म्हणून आठ-दहा दिवस आधी ताटलीत गहू किंवा नाचणी पेरायची. नवरात्रात घट बसवणाऱ्या शेजारणीला त्यात काहीच परकं वाटत नसे. कामट्या आणि पतंगाचा कागद लावून केलेली चांदणी तर आकाशकंदिलाची सख्खी बहीण.

ऐंशी-नव्वदच्या दशकांतली रात्र आठवते ती चर्चच्या पटांगणातली. आत जागा पुरायची नाही, म्हणून वेदी बाहेर मांडलेली, घडीच्या खुर्च्या, कर्ण्यावरून गाणी. बाराच्या ठोक्याला घंटा वाजायच्या. दीड वाजता लोक चालत घरी निघायचे, तेव्हा वाडीतले बिगरख्रिस्ती शेजारीही दारात उभे असायचे. सकाळी नेवऱ्या, कलकल अशा नाताळच्या गोड फराळाने भरलेलं ताट त्यांच्याकडे जायचं.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले: रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देण्याची मुभा २००२ मध्ये राज्यांना मिळाली, २००५ मध्ये न्यायालयाने ती उचलून धरली. पण सवलत बाराला संपते आणि ही मिस्सा मुळात सुरूच बाराला व्हायची. बंदिस्त सभागृहाला नियम लागू नाही, म्हणून चर्चच्या आत ती मध्यरात्री करता येते. पटांगणातल्या शेकडो माणसांचं काय, या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी वेळच अलीकडे आणली गेली. आजारी माणसाच्या झोपेचा मुद्दा खराच आहे, आणि नियम गणेशोत्सवालाही तोच आहे. तरी २०१८ मध्ये फटाक्यांना नाताळ आणि ३१ डिसेंबरला रात्री ११.५५ ते १२.३० अशी वेळ मिळाली. प्रार्थनेला एका रात्रीपुरता तेवढा अर्धा तास का मिळू नये, हे मला आजही पटत नाही. रोममध्येही २००९ पासून ही मिस्सा दहाला होऊ लागली, असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण तिथे कारण पोपचं वय होतं.

३१ डिसेंबरच्या म्हाताऱ्याची गोष्ट वेगळी. जुन्या शर्ट-पँटमध्ये पेंढा कोंबून केलेला हा पुतळा, ‘ओल्ड मॅन’, म्हणजे सरतं वर्ष. तो सांताक्लॉज नव्हे, दोघांची गल्लत हल्ली फार होते. पोरं त्याला खुर्चीत बसवून गल्लीच्या तोंडाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पैसे गोळा करत आणि ३१ च्या मध्यरात्री तो जाळत. त्याला कुठल्या नियमाने हटवलं नाही. बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, गल्लीच्या तोंडाशी गाड्या लागल्या. खुर्ची ठेवायला जागा उरली तिथे तो अजून बसतो.