ब्रेक ऑइल? ऑइल कसलं!

परवा ब्रेक ऑइल भरताना मित्राच्या हातून चार थेंब फेंडरवर सांडले. मी पाणी आणायला वळलो, तर तो म्हणाला, "अरे, तेल आहे ते, पाण्याने काय निघणार?" आणि त्याने कोरड्या फडक्याने पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिथे सायीसारख्या सुरकुत्या! नख लावलं तर पापुद्राच सुटून आला.

सगळा घोटाळा नावाचा: म्हणायचं ऑइल, पण ते तेल नव्हेच. डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ या प्रकारांच्या ब्रेक ऑइलच्या बाटल्यांत मुख्यतः ग्लायकॉल ईथर किंवा त्यांची बोरेट संयुगं असतात. (डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते रंगाला सहसा काही करत नाही.) 'ॲसिड आहे, रंग जाळतं' हेही खरं नाही, हा द्रव उलट थोडा अल्कधर्मीच असतो. तो रंग जाळत नाही, फुगवतो.

गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, हे एकमेकींना गाठी मारलेल्या लांबच लांब रेणूसाखळ्यांचं जाळं. ग्लायकॉल ईथरचा रेणू मोठा दुतोंडी: एका टोकाला पाण्याशी सलगी करणारा हायड्रॉक्सिल गट, दुसऱ्या टोकाला तेलाच्या जातीची कार्बनची शेपटी, मध्ये ईथरचे ऑक्सिजन. क्लिअर कोटमधल्या पॉलियुरेथेन प्लास्टिकच्या साखळ्या आपसांत हायड्रोजन बंधांनी बिलगलेल्या असतात. हा रेणू मध्ये घुसून ते बंध स्वतःशी जोडून घेतो. साखळ्या सैलावतात, थर फुगतो. पण तो खाली चिकटलेला, आडवा पसरणार कुठे? मग उचलला जातो. त्याच सुरकुत्या.

गंमत म्हणजे ब्रेकमधल्या ईपीडीएम जातीच्या रबराला हाच द्रव फारसा फुगवत नाही. ते रबर अध्रुवीय, म्हणजे तेलाच्या जातीचं, त्याचं याच्याशी जमत नाही. इंजिन ऑइलशी मात्र जमतं, म्हणून चुकून ते भरलं तर सील फुगून बाद होतात.

हायड्रॉक्सिलचं पाण्याशी सख्य आहे, तेच आपल्या कामाचं. आधी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण घट्ट लावा, कारण ओलावा शिरला की डॉट ४चा किमान उत्कलनबिंदू २३० वरून १५५ अंशांवर येतो. मग न घासता भरपूर पाणी ओता, नंतर शाम्पूचं पाणी. डिस्कवर उडालं तर ब्रेक क्लीनर मारा. पॅडने शोषलं असेल तर ते बदलाच, भाजून किंवा घासून ते सुधारत नाहीत. आणि सिरॅमिक कोटिंगवाले 'काचेचं कवच' विकतात, त्याने फार तर थोडा जास्त वेळ मिळतो. पाण्याची नळी तरीही आणावीच लागते.