वाघाचं पोट गवतावर

२००६ च्या गणनेत महाराष्ट्रात अंदाजे १०३ वाघ होते. २०२२ मध्ये ते ४४४ निघाले. बातमी झाली ती वाघांची, आणि ते साहजिकच आहे. पण हे वाघ खातात काय, हा प्रश्न व्याघ्र प्रकल्पात वाघाच्या आधी येतो.

वाघ साधारण आठवड्याला एक मोठी शिकार करतो. म्हणजे वर्षाकाठी पन्नासेक चितळं, सांबरं, रानडुकरं. वाघिणीसोबत मोठी होत आलेली पिल्लं असतील तर याहून जास्त. एवढी जनावरं दरवर्षी मारली जाऊनही कळप घटू नयेत, तर त्या एका वाघामागे जंगलात पाचशेच्या आसपास जनावरं हवीत. वाघाने व्याजावर जगायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही, असा हा व्यवहार. शिवाय त्याच जंगलात बिबटे आणि रानकुत्रीही जेवायला बसलेली असतात.

ही पाचशे जनावरं पोसायची कुणी? गवताने. आणि तेही कुठल्याही नाही. कोवळ्या पात्यात प्रथिनं भरपूर असतात. गवत निसवलं, म्हणजे त्याला तुरा आला, की काडी राठ होते आणि तिच्यातला कस उतरतो. चितळाला आखूड, लुसलुशीत चारा आवडतो. सांबर झाडपाल्यावर बऱ्यापैकी निभावून नेतं, गव्याला बांबूही चालतो. उन्हाळ्यात चितळंसुद्धा मोहाच्या फुलांवर आणि वानरांनी वरून पाडलेल्या पाल्यावर दिवस काढतात. कळप वाढतात ते मात्र चांगल्या कुरणाच्या आसऱ्याने, आणि दाट सागवानाखाली असं कुरण फारसं होत नाही.

मेळघाटातली कुंड, बोरी, कोहा ही गावं या शतकाच्या सुरुवातीला जंगलाबाहेर वसवली गेली. सोडलेल्या शेतात आपोआप कुरण तयार होतं, असं वाटतं खरं. प्रत्यक्षात पहिल्या पावसाबरोबर तिथे तरोटा माजतो, त्यामागून रानतुळस. दोन्हींना जनावर सहसा तोंड लावत नाही. मग माणसं लावून ते तण मुळासकट उपटावं लागतं आणि तेही जमीन ओली असताना, फुलोऱ्याच्या आत. शेंगा वाळेपर्यंत थांबलं तर उपटता उपटताच बी सांडतं आणि पुढच्या वर्षी तेच काम पुन्हा पुढ्यात येतं. असं काही वर्षं चिकाटीने केलं की मारवेल, पवन्या यांसारखी गवतं जम धरतात. चितळं येतात, गवे येतात, आणि त्यांच्या मागावर वाघ.

या कुरणांची किंमत तिथल्या कोरकू आदिवासी कुटुंबांनी मोजली आहे, हे कुरणाचं कौतुक करताना विसरता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा पुनर्वसनाला गावाची संमती बंधनकारक केली. २००८ मध्ये भरपाई म्हणून कुटुंबामागे १० लाख रुपये ठरले, २०२१ मध्ये ते १५ लाख झाले. पैशाने हिशेब मिटतो असं मला वाटत नाही.

वाघ पट्ट्यांवरून ओळखता येतो, म्हणून कॅमेऱ्याने मोजता येतो. चितळांच्या कळपाचं तसं जमत नाही. तिथे वनरक्षक सकाळी ठरलेल्या सरळ रेषेवरून चालत जातो आणि जनावर दिसलं की किती, कुठल्या दिशेला, किती अंतरावर हे टिपून घेतो. खरी गंमत अंतरात आहे. रेषेजवळची जनावरं जवळपास सगळी दिसतात, लांबची सुटत जातात. अंतरागणिक नोंदी कशा कमी होत गेल्या ते पाहून न दिसलेल्या जनावरांचा अंदाज बांधता येतो. लेंड्यांच्या नोंदी होतात, जमिनीवर गवत किती आणि तण किती हेही लिहिलं जातं.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हेच कोडं उलट्या बाजूने सुटायचं आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये तो झाला. जंगल उत्तम, पण सदाहरित झाडीखाली ऊनच कमी पोचतं. गवत मुख्यतः सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळ पठारांवर, आणि उठलेल्या गावांच्या मोकळ्या जागांवर. उलट सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर अभयारण्य छोटं आणि कुंपणातलं, तिथे चितळं जागेला जड झालेली. म्हणून तिथली चितळं चांदोलीत हलवण्याचं काम हाती घेतलं गेलं: आधी कुंपणात ठेवून जागेची सवय होऊ द्यायची, मग मोकळं सोडायचं. बाहेरून वाघ आणायचा तर त्याच्या आधी ही चितळं तिथे रुजायला हवीत, आणि चितळांच्या आधी त्या गावठाणांवरचं गवत.