भाड्याने द्यायच्या घराची दुरुस्ती आणि कर्ज: बेळगावात फाईल कुठे अडते

शहापूर-वडगावातलं जुनं कौलारू घर उतरवायचं, स्लॅब टाकायचा, वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या, हा बेत निम्म्या गल्लीचा असतो. बँकेत तो अडतो पगारावर नव्हे, आजोबांवर. घर अजून त्यांच्याच नावावर असतं.

आधार, पॅन, पगारपत्रक किंवा आयटी रिटर्न, बँक स्टेटमेंट, कंत्राटदाराचं अंदाजपत्रक हे कागद जमतात. जमत नाही तो ई-खाता, म्हणजे घर कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा महापालिकेचा ऑनलाइन उतारा. खेड्यात त्याच्या जागी ग्रामपंचायतीचे फॉर्म ९ आणि ११. 'वीस वर्षं घरपट्टी मीच भरतो' हे सांगून काही होत नाही. पावती म्हणजे मालकी नव्हे. मृत्यू दाखले, वंशावळ आणि बहिणींसकट सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. भावाभावांनी स्टॅम्पपेपरवर केलेली वाटणी बँकेचा वकील बाजूला सारतो. वाटणीपत्र असो की हक्कसोडपत्र, सबरजिस्ट्रारकडे नोंदवलेलंच हवं. पुण्याला दिलेल्या आत्याला आधी फोन करा, मग गवंड्याला.

दुसरा घोळ नावाचा. जुन्या मराठी खरेदीखतात आजोबा 'यल्लोजी', कन्नड खात्यावर 'यल्लाप्पा'. माणूस एकच हे साऱ्या गल्लीला ठाऊक, काउंटरवरच्या साहेबांना नाही. नोटरीचं प्रतिज्ञापत्र काही बँका चालवून घेतात. पण वारसा लावतानाच नाव दुरुस्त करून घेतलं तर पुढचे हेलपाटे वाचतात.

आता ईसी, म्हणजे घरावरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा आणि बोज्यांचा दाखला. वकील ३० वर्षांचा मागतो आणि कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर नोंदी मिळतात १ एप्रिल २००४ नंतरच्या. त्याआधीच्या वर्षांसाठी सबरजिस्ट्रार कचेरीतच अर्ज द्यावा लागतो. सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर, चतुःसीमा खरेदीखतात आहेत तशाच भरा. एक आकडा चुकला की 'नोंद नाही' म्हणणारा फॉर्म १६ (पगाराचा नव्हे, ईसीचा) येतो, आणि घर निर्वेध आहे या आनंदात लोक तोच बँकेत देतात. तुमच्या खरेदीची नोंदसुद्धा त्यात नाही, हे वकिलाला पहिल्याच नजरेत दिसतं.

गिलावा-फरशीचं काम सोपं. मजला चढवायचा तर महानगरपालिकेचा मंजूर नकाशा हवा.

भाडं रोख घेत असाल तर बँकेच्या लेखी ते उत्पन्नच नाही. भाडेकरार करा, पैसे खात्यावर घ्या, रिटर्नमध्ये दाखवा. दुरुस्ती कर्जाचं व्याजही मग भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतं. वर्षाला ३०,००० रुपयांची मर्यादा स्वतः राहत्या घराला आहे, भाड्याने दिलेल्या घराला नाही. मात्र व्याज भाड्यापेक्षा जास्त होऊन घराचा तोटा दिसला, तर नव्या करप्रणालीत तो पगारातून वजा करता येत नाही.

कर्जाच्या मंजुरीपत्रावरची पैसे उचलायची मुदत मंजुरीच्या तारखेपासून चालते. 'पाऊस उघडल्यावर बघू' म्हणत ती घालवणारे दरवर्षी भेटतात.

मूळ कागद जमा करताना त्यांच्या यादीवर बँकेचा सही-शिक्का घ्याच. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत ते परत द्यायचे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण काय जमा केलं होतं ते तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.